आमच्या वन्संची बचावफळी

आमच्या वन्संना चुकवून पलीकडे गेलेला माणूस अजून जन्माला यायचाय, असं मी म्हणते तेव्हा माझी साताऱ्याची माहेरची माणसं हसतात. पण त्यांनी वन्संना पाहिलेलं नाही. वन्सं म्हणजे माझ्या नवऱ्याची थोरली बहीण. संस्थानी फौजेतून आलेलं इंदूरचं हे घराणं पुढे बँकेत आणि वकिलीत स्थिरावलं, आणि या बाई मात्र फुटबॉल खेळायला निघाल्या, तेही पगार घेऊन. गोव्यात, कोलकात्यात महिलांच्या क्लबांकडून त्या वर्षानुवर्षं बचावपटू म्हणून खेळल्या. त्यांचं नाक गोव्यात एकीच्या कोपराने डावीकडे झुकलं आणि कोलकात्यात दुसरीच्या कोपराने पुन्हा सरळ झालं. दोघींबद्दल त्या सारख्याच मायेने बोलतात. साऱ्या कारकिर्दीत त्यांनी एकही गोल केला नाही, आणि हे त्या घरी आलेल्या पाहुण्याला पहिल्या चहाबरोबरच सांगून टाकतात. "गोल तर कोणीपण मारतं हो. जो झालाच नाही, तो कोणाला दिसतो?"

घरातल्या एका लग्नात नवऱ्यामुलाचे बूट राखायला कोणीतरी त्यांना बसवलं. इकडे मेव्हण्यांनी बूट पळवायचे आणि मग नवऱ्यामुलाने त्यांची मनधरणी करायची, असा रिवाज आहे. मुलीकडच्या साऱ्या करवल्या एकामागून एक आल्या. कोणी सरबत आणलं, कोणी चक्कर आल्याचं सोंग केलं, दोघी तर मांडवाच्या मागून कनात उचलून घुसल्या. वन्सं खुर्चीवरून उठल्यासुद्धा नाहीत. नुसत्या बसल्या जागी इकडून तिकडे सरकल्या. शेवटी नवरीची आईच काकुळतीला येऊन म्हणाली, "अहो ताई, थोडा तरी रिवाज होऊ द्या ना!"

अशा बाईचा खेळ संपला तो गुडघ्यामुळे. एका मोठ्या सामन्यात गुडघा दुखावला असताना "मी ठीक आहे" म्हणून त्या शेवटपर्यंत उभ्या राहिल्या. सामना जिंकला, आणि त्यानंतर वन्सं कधी धावल्या नाहीत. जुन्या इंदुरात आमच्याकडे परत आल्या, प्रशिक्षणाच्या परीक्षा दिल्या, आणि गावातल्या पुरुषांच्या एका क्लबाला दुसरं कोणी मिळेना म्हणून तिथल्या मॅनेजर झाल्या.

पहिल्या दिवशी मी डबा द्यायला मैदानावर गेले होते. क्लबाचा कप्तान म्हणजे कपाटाएवढा गडी, स्वतःही बचावपटूच. सगळे त्याला भिया, म्हणजे इंदुरी बोलीत भैया, म्हणत. तो म्हणाला, "मैडम, जेंट्स का गेम थोड़ा अलग रेता है." वन्सं म्हणाल्या, "चल, बॉल लेके मेरे बाजू से निकल जा." तो निघाला. वन्संनी त्याला हातसुद्धा लावला नाही. लंगडत, तिरक्या उभ्या राहून त्या त्याच्याबरोबर नुसत्या सरकत गेल्या, आणि भिया उजवीकडे वळता वळता बॉलसकट रेषेबाहेर जाऊन कुंपणाला टेकला. कसं झालं ते त्यालाच कळेना. वन्सं माझ्याकडे वळून म्हणाल्या, "मी तर काहीच केलं नाही गं. त्याला जायला जागा कमी कमी ठेवली बस." त्या दिवसापासून भिया त्यांच्या मागे सावलीसारखा फिरू लागला. त्याने बचाव असा बांधला की बघणाऱ्याने हात जोडावे.

मग हंगामातला शेवटचा सामना आला. बरोबरी झाली तरी क्लब वरच्या गटात राहणार होता. हरला तर खाली जाणार. खेळ संपत आला होता, दोन्हीकडे गोल नव्हता. एका झटापटीत भिया पडला, उठला आणि जागेवर जाऊन उभा राहिला. मला काही दिसलं नाही. वन्संना दिसलं. त्यांनी बदली खेळाडूला उठवलं आणि भियाला बोलावलं.

"मैडम, कुछ नी हुआ. अपन खेल लेंगे."

"चलके दिखा."

तो दोन पावलं चालला आणि थांबला. डोळ्यांत पाणी. "मैडम, मैं निकल गया तो गोल हो जाएगा."

"होने दे," वन्सं म्हणाल्या.

मागून क्लबाचे मालक शेठजी ओरडले, "मैडम, आप ये क्या कर रिये हो?" वन्संनी वळूनही पाहिलं नाही. भियाच्या खांद्याखाली हात घालून त्यांनी त्याला स्वतः बाहेर आणलं. गोल झाला. क्लब खाली गेला. शेठजींनी वन्संना तिथेच, मैदानावर, उद्यापासून येऊ नका म्हणून सांगितलं. घरी येताना माझ्या स्कूटरवर मागे बसून त्या एवढंच म्हणाल्या, "मला पण तेव्हा कोणी बाहेर काढायला हवं होतं गं."

भियाच्या गुडघ्यातला अस्थिबंध अर्धा फाटला होता. तसाच खेळला असता तर पुरता तुटला असता, असं डॉक्टर म्हणाले.

मध्यंतरी बरेच महिने गेले. परवा भिया घरी येऊन, पाया पडून सांगून गेला की रविवारी तो खेळणार आहे. आम्ही दोघी गेलो. वन्सं आता कोणाच्याच मॅनेजर नाहीत, म्हणून पब्लिकमध्ये, जाळीपाशी उभ्या राहिलो. भिया बॉलमागे सुसाट गेला, वळला, तसाच धावत परत आला. वन्संनी जाळी घट्ट धरली होती.

"बघ ना," त्या हळूच म्हणाल्या, "कसा पळतोय."

घरी गेल्यावर नवऱ्याने विचारलं, कोण जिंकलं? मला सांगता येईना. मी वन्संकडे पाहिलं. त्यांनाही आठवत नव्हतं.