हमीदचाचांच्या पेटीतला पासपोर्ट

आगरदांड्याच्या जेट्टीवर कोणी नवा माणूस उतरला की हमीदचाचा आधी त्याला वरपासून खालपर्यंत न्याहाळतात, मग सलाम करतात. आखातातल्या बंदरावर क्रेन चालवण्यात उमर गेली. माणूस सुधारला नाही तरी सावध होतोच.

यंदा संशय घरातच शिरला. लेक लाइबा फिजिक्स शिकलेली, तिला जर्मनीत संशोधनाची नोकरी लागली. व्हिसा लागून पासपोर्ट कुरियरने आला, तो चाचांनी परस्पर घेतला आणि पेटीत टाकून कुलूप ठोकलं. विमान शुक्रवारचं आणि चावी चाचांच्या कमरेला.

"काम काय, ते सांग आधी."

लाइबाने सांगितलं. लांब कुठेतरी दोन कृष्णविवरं आदळली की अवकाशच हलतं, त्याच्या लाटा इथवर येतात. त्या टिपायला तीन यानं सोडायची, एकमेकांपासून पंचवीस लाख किलोमीटरवर. लाट आली की त्यांच्यातलं अंतर अणूहूनही कमी बदलतं, ते लेझरने मोजायचं.

"यानांवर माणसं?"

"कोणी नाही."

"फोटो दाखव."

"अजून सोडलीच नाहीत, अब्बा. दहाएक वर्षांनी."

चाचा बायकोकडे वळले. "ऐकलंस? लाट दिसत न्हाय, होडी सुटली न्हाय, तिच्यावर खलाशी न्हाय. आणि पगार पहिल्या महिन्यापासून."

"तुमी तरी क्रेन बघून गेलावता काय?" महेरुन्निसा भाकरी थापता थापता म्हणाली.

चाचांनी हुकमाचं पान टाकलं. "तिथं पासपोर्ट कोण ठेवून घेतो?"

"कोणीच नाही. माझा माझ्याकडे."

झालं, संशय पक्का झाला. चाचा आखातात उतरले त्याच संध्याकाळी कफीलने, म्हणजे व्हिसा देणाऱ्या मालकाने, त्यांचा पासपोर्ट काढून घेतला होता. गावातल्या सगळ्यांचाच घेतला होता. जो पासपोर्ट मागत नाही, तो मालक कसला?

शेवटी लाइबाने जर्मनीतल्या आपल्या वरिष्ठ मॅडमला व्हिडिओ कॉल लावला. चाचांनी तोच सवाल केला, लाइबाने तो इंग्रजीत सांगितला. मॅडम गोंधळली. "मी कशाला घेऊ? तो तिचा आहे."

चाचांनी ते लाइबाकडून दोनदा वदवून घेतलं. मग बराच वेळ कमरेच्या चावीशी चाळा करत बसले. आपला पासपोर्ट त्यांनी फक्त सुट्टीला येताना हातात धरला होता.

संध्याकाळी पेटी उघडली. पासपोर्ट प्लास्टिकच्या पिशवीत घालून, पिशवीला दोरी ओवून लाइबाच्या गळ्यात घातला.

"मॅडमने मागितला तरी द्यायचा न्हाय."

"ती मागणार नाही, अब्बा."

"आज न्हाय म्हणते," चाचा म्हणाले, आणि पेटीला पुन्हा कुलूप लावलं. आत झेरॉक्स होती.