सुट्टीनंतरचा ताप

"बाजार झाला का दुसऱ्या दिवशी बरा ताप येते हिले!" मुकादम काट्याजवळ कुणाला तरी सांगत होते. "आता कायमचीच सुट्टी देतो."

दारव्ह्याजवळच्या त्या जिनिंगला, म्हणजे कापसातली सरकी काढायच्या कारखान्याला, बाजाराच्या दिवशी सुट्टी असे. तिथं काम करणाऱ्या ज्या मावशीबद्दल हे चाललं होतं, ती माझ्या शेजारीच सरकीच्या पोत्यांना टेकून कुडकुडत होती. तिनंही ऐकलं आणि आपलं नेहमीचं वाक्य माझ्यावर टाकलं, "बोल ना वं पोरी, तोंडात काय सरकी भरली?"

मी एमएस्सीच्या प्रकल्पासाठी तिथं कापसाच्या धुळीचे नमुने घ्यायला जायची. इंग्रजी शाळेच्या कृपेनं मला दोन भाषांत गप्प बसता येतं.

आदल्या आठवड्यात मावशीनं तापाचं कारण विचारलं, तेव्हा मात्र मी सुटले होते. कापसावर जिवाणू असतात, त्यांच्या कवचातलं विष धुळीबरोबर छातीत जातं. तिथल्या राखणदार पेशींच्या अंगावर एक प्रथिन असतं, टोल-लाइक रिसेप्टर फोर. ते विष ओळखून बोंब ठोकतं, आणि ताप येतो. रोज धूळ गेली की सगळं सरावतं. मध्ये खंड पडला की पुन्हा चवताळतं. हे सारं मी स्वतःच्या चपलांना समजावून सांगितलं.

"म्हंजे माह्या सासूसारखंच हाये ते," मावशी म्हणाली. "रोज समोर असली त काही नाही. एक दिवस माहेरी जाऊन आली का डोक्सं उठवते!"

आजूबाजूला काम करणाऱ्या बाया खोकत खोकत हसल्या. पुढे गाईड सरांसमोर रिसेप्टरऐवजी माझ्या तोंडून 'सासूबाई' निघालं, ते वेगळंच.

त्या वर्षांत कापसाला भाव नव्हता, जिनिंग एकेक करून बंद पडत होत्या. इथून काढलेल्या बाईला दुसरीकडे कोण घेणार? म्हणून तर मावशी अंगात ताप असताना आली होती. पुढच्या हंगामात तीही जिनिंग बंद झाली, आणि मावशी कुठं गेली ते मला कळलं नाही.

त्या सकाळी मुकादम काट्याजवळून आमच्यासमोर येऊन उभे राहिले. "ऊठ. उद्यापासून येऊ नको."

मावशी पोत्याला धरून उठायला लागली. मी मनात इंग्रजीत एक उत्तम परिच्छेद रचला, संदर्भांसकट. तो तिथंच राहिला.

"काका," मी म्हणाले, "ताप खरा आहे, तुमच्या धुळीचा आहे. हिला काढाल, तर हिच्या जागी येईल तिलाही येईल."