कार्डावरचं कुंकू

देवाधर्माची टिंगल करणं हा माझा कामावरचा विरंगुळा होता. अकोल्याजवळच्या एका खाजगी वीज प्रकल्पात मी कंट्रोल सिस्टिम बघायचो. अमरावतीला घर, सकाळी बडनेऱ्याहून गाडी, आणि चहाच्या वेळी कोणाच्या तरी उपवासावर घसरणं. खंडेनवमीला तर मला चेवच यायचा. टर्बाइन, पंप, झेरॉक्स, एवढंच काय, हजेरीचं अंगठा मशीनसुद्धा हळदकुंकवातून सुटायचं नाही.

पूजेचं ताट भाऊंकडे असायचं. भाऊ म्हणजे आमचे सर्वांत जुने टेक्निशियन, तेल्हाऱ्याकडचे, वयानं माझ्या वडिलांच्या जवळपास आणि अजूनही ठेकेदाराच्या रजिस्टरवर. कंट्रोलच्या कपाटांच्या पत्र्यावर चिकटावं म्हणून ते कुंकू पाण्यात कालवून घ्यायचे.

जनरेटरच्या रोटरला बाहेरून करंट दिल्याशिवाय तो वीज बनवत नाही. याला एक्सायटेशन म्हणतात. तो करंट किती द्यायचा हे एक कपाट ठरवतं, आणि त्या कपाटात कार्डांची रांग असते. काही कार्डं बाहेरची खबर आत आणतात, काही आतला हुकूम बाहेर नेतात. खबर आणणाऱ्यानं खोटं सांगितलं की सगळा कारभार आडवा.

त्या वर्षी दसऱ्याच्या तोंडावर असलंच खबर आणणारं एक इनपुट कार्ड गेलं. नवीन यायला काही आठवडे लागणार होते. मी सगळ्यांसमोर छाती ठोकून म्हणालो, मी करतो दुरुस्त. घरी डायनिंग टेबलावर, पोह्यांची बशी बाजूला सारून, जळालेला भाग काढला आणि नवा सोल्डर केला. खंडेनवमीला कार्ड जागेवर बसवलं. भाऊ नारळ घेऊन टर्बाइनकडे गेले होते, ताट स्टुलावर, कपाटाचं दार उघडं. मी इकडेतिकडे पाहिलं आणि बोट बुडवून कार्डाला कुंकू लावलं. चांगलं ठसठशीत. घाबरलो होतो, दुसरं काही कारण नाही.

मशीन सुरू झालं. मी सगळ्यांना ऐकवलं, याला म्हणतात विज्ञान.

चौथ्या दिवशी भर दुपारी मशीन बंद पडलं. ब्रेकर, म्हणजे जनरेटरचा मुख्य स्विच, उघडल्याची खबर त्या कार्डानं दिली होती, आणि ब्रेकर आपला जागच्या जागी बसलेला. आमचे पुण्याचे प्लांट हेड स्वतः आले, कार्ड ओढून काढलं. कार्डावरच्या दोन पिनांना जोडणारा लाल ओघळ, खाली तांबं हिरवं पडलेलं.

"हे पॅनेल आहे की देव्हारा?"

सगळ्यांनी भाऊंकडे पाहिलं.

"मी दारालेच लावतो, सायेब, दरसाल. कार्डाले कोनी ओलं लावते काय? येडा हाओ का मी?"

कोणालाही पटलं नाही. ताट त्यांचं, कुंकू त्यांचं. मी कार्ड हातात घेतलं, चष्मा वर केला आणि विद्वान तोंड करून म्हणालो, "ओलावा दिसतो." ठेकेदाराला सांगण्यात आलं, या माणसाला उद्यापासून पाठवू नका.

पुढचे तीन दिवस मी बडनेऱ्याला गाडीत बसताना ठरवायचो, आज सांगून टाकू. मूर्तिजापूर येईपर्यंत गप्प राहण्याची दोन-चार चांगली कारणं सापडायची. मला स्वतःची किळस यायची, आणि तरी अकोल्याला उतरून मी समोसा खायचो.

तिसऱ्या दिवशी भाऊ गेटपास जमा करायला आले. आधी माझ्याकडे आले, खिशातून कागद काढला. कोणत्या पंपाचा स्विच अडकतो, कोणत्या कपाटाच्या दाराला लाथ घालावी लागते, सगळं लिहून आणलं होतं.

"तुमाले पुढं तरास नको," म्हणाले.

मी त्यांना तसंच दंडाला धरून प्लांट हेडच्या केबिनमधे नेलं आणि बोलून टाकलं. साहेब आधी खो खो हसले. "तुम्ही? कुंकू?" मग त्यांनी मला मेमो दिला आणि भाऊंना ठेवून घेतलं.

बाहेर आल्यावर मी शिव्या खायला तयार उभा होतो. भाऊंनी शिवी दिली नाही. मोबाईल काढला, नंबर लावला आणि माझ्या हातात दिला.

"बायको हाय. तिले सांगा."

"काकू, ते कुंकू मी लावलं होतं," मी म्हणालो. "भाऊंनी नाही."

पलीकडे त्या रडायलाच लागल्या.

"तीन दिवस झाले, ते धड जेवले नाई," त्या म्हणाल्या. "मले म्हनत होते म्या नाई लावलं, म्या नाई लावलं. अन् मी त्यायलेच खोटं पाडत होती."