साखळीच्या आतला डॉक्टर

फिलिपिन्समध्ये माझ्या मैत्रिणीच्या, लोर्नाच्या, गावी गेले होते. चौकात त्यांच्या राष्ट्रपुरुषाचा पुतळा आहे, भोवती साखळी. लोर्नाच्या आईला मोतीबिंदू. चेहरा नीट दिसावा म्हणून ती साखळी ओलांडून पुढे गेली. पहारेकऱ्याने शिट्टी फुंकली आणि तिला मागे ढकललं.

माझं डोकंच फिरलं. स्वतःच्या आईची दृष्टी जाऊ नये म्हणून हा पुतळ्यातला माणूस डोळ्यांचा डॉक्टर झाला, परक्या सरकारला लिहून जाब विचारला म्हणून त्याने गोळ्या झेलल्या, आणि त्याच्याच पायाशी कुणाच्या आईला ढकलता? आपल्याकडे तरी काय वेगळं आहे! माणूस मोठा ठरला की आधी कुंपण घालायचं, मग हार.

लोर्ना पहारेकऱ्यावर तुटून पडली.

“उलट बोलायचं नाही, बाई,” तो खेकसला.

तिने पुतळ्याकडे बोट दाखवलं. “उलट बोलायला आम्हाला यानंच शिकवलंय.”