दुखण्याचा रकाना

खडकीतल्या एका कारखान्यात दशरथ ओव्हाळांनी एकतीस वर्षं गेज लावून सुटे भाग तपासले. मापात बसला की बरोबरची खूण, नाही बसला की लाल ठिपका, म्हणजे बाद. कागदावर विचारलंय तेवढंच लिहायचं, ही तिथली शिस्त. निवृत्त होऊन विश्रांतवाडीत घर केलं तरी ती सुटली नाही.

एकाहत्तराव्या वर्षी लेसरने प्रोस्टेटचं ऑपरेशन झालं. महिन्याभरात लघवीची धार सुधारली आणि जांघेत कळ सुरू झाली. जिना चढताना पाय उचलेना. रविवारी विहारात वंदनेला मांडी घालून बसणं बंद झालं.

दर महिन्याच्या तपासणीला काउंटरवरच्या बाई छापील फॉर्म पुढे सरकवत. धार कशी? रात्री किती वेळा उठता? समाधानी आहात का? दशरथ सुवाच्य अक्षरात भरत: उत्तम, एकदा, होय.

"अहो, दुखण्याचं सांगितलंत का?" बायको, हिराबाई, परतताना रिक्षात विचारत.

"त्याचा रकाना नव्हता. ते हाडाचं आहे, हाडाच्या डॉक्टरांना सांगितलंय."

"बरं. मी मेल्यावर रकाना शोधत बसू नका, तसंच न्या."

हाडाच्या डॉक्टरांनी संधिवात ठरवून व्यायाम दिला. दशरथ तो नेमाने करत आणि दर आठवड्याला थोडं कमी चालत. चौथ्या महिन्यात ताप चढला, तेव्हा मुलाने, अभयने, एमआरआय करवला. लेसर फिरलेल्या जागी भोक पडलं होतं. तिथून लघवी झिरपून ओटीपोटाखालच्या सांध्यात पू झाला होता, हाड कुजत चाललं होतं. आता नळी, महिनोन्‌महिने औषधं, पुन्हा ऑपरेशन. चालण्याची खात्री नाही.

"काका, हजारात एखाद्याला होतं," सर्जन म्हणाले. "आधी बोलला असतात तर..."

"तुम्ही विचारलंत?" अभय उसळला.

सर्जननी फाईल त्यांच्याकडे फिरवली. तीन फॉर्म. समाधानी: होय, होय, होय. खाली सही.

दशरथांनी चष्मा लावून पाहिलं. अक्षर त्यांचंच. एकही शब्द चौकटीबाहेर गेलेला नव्हता.

"सही माझीच आहे," ते म्हणाले. "पण डॉक्टर, समाधानी आहेस का, असं आम्ही तपासायच्या मालाला कधी विचारलं नाही. हात लावून बघायचो."

सर्जननी घड्याळ पाहिलं.

भरती करताना बाईंनी नवा फॉर्म आणला. दशरथांनी त्यांच्याकडून लाल पेन मागून घेतलं, आपल्या नावापुढे एक ठिपका दिला आणि फॉर्म परत केला.

"काका, हे काय? बाकीचं कोरंच आहे की!"