जानेफळ ते वडनेर, मायच्या खोकल्यासोबत

जानेफळहून खामगावला पहिल्या एसटीने जा. नंतरच्या गाड्यांत पाय ठेवायला जागा नसते. माझ्या मायसोबत गेलात तर चिंता नाही. ती खोकली की शेजारचा आपोआप उठतो.

निघण्याचं कारण सारिका, जिच्याशी मला लग्न करायचं होतं. तिच्या वडिलांचा वडनेर भोलजीहून निरोप आला, "टीबीच्या घरात पोरगी देत नाही." मी बीएस्सी मध्येच सोडली त्याचं काही नाही, मायचा खोकला तेवढा खुपला. ठरवलं, आधी छातीचे डॉक्टर, मग थेट वडनेर.

रस्ता खड्ड्यांचा, दोन्हीकडे बीटी कपाशी. बीटी आली तेव्हा फवारणी संपली म्हणाले होते. मग गुलाबी बोंडअळी आली अन् पंप पुन्हा पाठीवर. मायला हे फवारणीनंच झालं, अशी माझी खात्री होती.

खामगावात स्कॅन झाला. क्विंटलभर कापसाचे पैसे त्यात गेले असं धरून चला.

"श्वासनळ्या सैल पडल्यात, जुन्या मोज्याच्या इलॅस्टिकसारख्या," डॉक्टर म्हणाले. "कफ आत साचतो. ब्रॉन्किएक्टेसिस."

"फवारणीनं ना?"

"त्रास वाढत असेल. मूळ तेच, असं मी म्हणणार नाही. आजी, लहानपणी गोवर?"

"हो, गोवराची बाई आली होती अंगात. दाराले निंबाचा पाला बांधला, दवाखाना बंद. देवी कोपते ना. लग्नानंतर टीबी झाला. गोळ्या पुऱ्या खाल्ल्या."

"मग यातलं एक, नाहीतर दोन्ही. आपल्याकडे जुना टीबी, गोवर, डांग्या खोकला, न्यूमोनिया हीच कारणं जास्त. परदेशात काही मुलं घट्ट कफाचा आजार घेऊनच जन्मतात. पुष्कळांचं कारण कुठेच सापडत नाही."

"आपल्याकडे या आजाराचे किती?"

"नीट मोजलंय कोणी? ज्याला स्कॅन परवडतो तो मोजला जातो. बाकीचे दमा नाहीतर टीबी म्हणून औषधं खातात."

कफात आता टीबी नाही, हा आजार पसरत नाही, हेही त्यांनी सांगितलं. मी हवेतच. नांदुऱ्याच्या स्टँडवर आलुबोंडे खाल्ले (गरम असतील तरच घ्या) आणि वडनेर गाठलं.

सारिकाच्या वडिलांचं बियाण्यांचं आणि फवारणीच्या औषधांचं दुकान. चहा आला. सगळ्यांना कपबशी, मायला कागदी कप. माझं डोकं फिरलं.

"काका, हा टीबी नाही. टीबी होऊन गेला, त्यानं नळ्या..."

"म्हणजे होता," ते म्हणाले आणि रुमालात खोकले. "मले औषधाचा वास लागते."

पुढचं त्यांनी ऐकलंच नाही. मायने चहा संपवला, कागदी कप चेपून पिशवीत ठेवला. सारिका दारात उभी होती, पण माझ्याकडे पाहिना.

परतीच्या गाडीत माय म्हणाली, "तुले कोनं सांगतलं होतं टीबीपासून सुरू कराले?"

"खरं सांगू नको?"

"गोवरापासून सांगाचं ना. पसरत नाही, हे तं तोंडातच राह्यलं. कॉलेज अर्ध्यात सोडलं, गोष्टही अर्ध्यातूनच सांगतली."

घरी पोचून आठवडा झाला नाही तोच सारिकाचा फोन.

"बाबाले त्या डॉक्टरचा पत्ता पाहिजे."

"काऊन?"

"त्यायलेबी सकाळी कफ पडते. लय वर्षं झाली."

"अन् आपलं?"

"आधी पत्ता तं दे बे."

देणारच नव्हतो. मायने फोन हिसकला.

"लिहून घे पोरी. अन् बाबाले म्हन, डॉक्टरले पहिल्यापासून सांगजा. लाजू नका."