येतंय गो आते!

या सदरातले अनुभव मी आजवर वाचले, ते लिहिणाऱ्याचा खोटेपणा शोधण्यासाठी. आज स्वतः लिहिताना त्या सर्वांची मनोमन क्षमा मागतो... कारण पुरावा माझ्याकडेही नाही.

आमचे गाव मालवण तालुक्यात, मसुऱ्याजवळ, गड नदीच्या काठी. मागे भरतगडाचा डोंगर, पुढे खाडीचे पाणी आणि कांदळवन. पूल होण्यापूर्वी पलीकडे जायला होडीच होती. ती आमचा काका चालवी. पलीकडून हाक आली की ओ द्यायची, आणि ओ दिली की जायचेच — असा तरीचा, म्हणजे होडीच्या धक्क्याचा, नियम.

मी विशीत असताना आजी अत्यवस्थ झाली. होडी माझ्यावर सोपवून काका डॉक्टरांना आणायला गेला. दोन रात्री जागलेला मी उंडीच्या झाडाच्या सावलीत आडवा झालो. भर दुपारी पलीकडून होडी मागणारी आतेची, आजीच्या लेकीची, हाक आली — "होडी हाड रेऽ!" मी ती स्पष्ट ऐकली. तरी डोळे मिटूनच राहिलो... पाच मिनिटांनी उठू, म्हणून. जाग आली तेव्हा काकाने परत येऊन आतेला आणले होते, आणि आजी गेली होती. "हाक ऐकूच आली नाही," असे मी सर्वांना सांगितले. आते काहीच बोलली नाही.

हे खोटे इतकी वर्षे वाहून मी थकलो होतो. गेल्या मे महिन्यात, आते आहे तोवर तिला सांगायचेच, असे ठरवून पत्नीसह कुडाळला उतरलो आणि रिक्षाने गावी पोचलो. आते पुलापलीकडे राहते. तिच्याकडे जाण्यापूर्वी पत्नीला जुनी तर दाखवायला नेले. दुपार होती, ओहोटी. चिऱ्यांच्या पायऱ्यांवर वाळलेले शेवाळ. आणि पलीकडून हाक आली — "होडी हाड रेऽ!"

समोर दोन बगळ्यांखेरीज कोणीही नव्हते. तरी मी जिवाच्या आकांताने ओरडलो, "येतंय गो आते! थयच रव!"

पत्नी दचकली. "अहो, कुणाला ओ देताय? कुणाला थांबायला सांगताय?" तिला काहीच ऐकू आले नव्हते.

अर्ध्या तासात आम्ही आतेच्या ओसरीवर होतो.

"इलंस रे झिला? पोट बघ केवढा सुटला! पूल झालो ता बरा, होडयेत बसलंस तर होडी बुडात!"

मी तिचे पाय धरले. "आते, त्या दिवशी तुजी हाक माका ऐकाक इल्ली."

"माका ठाऊक आसा," ती शांतपणे म्हणाली. "तू ओ दिलंस मां! 'येतंय गो आते, थयच रव.' म्हणान तर मी बसान रवलंय. नायतर वरच्या उतारान पाण्यातसून चलत इलंय असतंय. आवस, तुजी आजी, तेव्हा बोलत हुती."

पत्नीचा हात माझ्या खांद्यावर घट्ट झाला.

"आवाज वायच घोगरो लागलो, म्हाताऱ्यासारखो," आते पुढे म्हणाली. "म्हटलंय, जागरणान पोराचो घसो बसलो. मगे तू हाक ऐकाकच येवक नाय म्हणालंस. दमलेल्या पोराक कित्या बोलू?"

आजी गेली त्या दिवशी मी हाकेला तोंडही उघडले नव्हते, एवढे शपथेवर सांगतो. बाकी कशाचाही उलगडा मला आजवर झालेला नाही. होडी न नेल्याबद्दल तिने मला केव्हाच क्षमा केली होती. नुकत्याच तरीवरून दिलेल्या उत्तराबद्दल क्षमा मागण्याचे धैर्य मात्र मला झाले नाही... मी तिने वाढलेला भात जेवलो आणि निघालो.